फेसलिफ्ट झालेली एसयूव्ही रोज चालवायला घ्यावी का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. मॉडेल जुनं आहे, पण कंपनीने नुकतंच तोंड बदलून परत आणलंय, तर अशी कॉम्पॅक्ट एसयूव्ही रोजच्या ऑफिस-शाळा-बाजाराला घ्यावी की थांबावं. म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकला. एक आधीच सांगतो, "अमुक गाडी घ्या" असं नाव इथे मिळणार नाही, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि प्रत्येकाची कंबर वेगळी. पण तपासायचं कसं ते मात्र सविस्तर सांगतो.

प्रश्न: रोज जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर, त्यातलं अर्ध्याहून जास्त सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये. घरात आम्ही दोघं, शाळेतली मुलगी आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. एक एसयूव्ही मनात भरलीये. मॉडेल येऊन सात-आठ वर्षं झालीत, पण आता नवीन ग्रिल, नवीन दिवे, मोठी स्क्रीन आणि मोठी अलॉय व्हील्स देऊन परत आणलीये. दीर म्हणतात नुसती रंगरंगोटी आहे, पैसे पाण्यात जातील. खरंच तसं असतं का?

उत्तर: ताई, दीर अर्धे बरोबर आहेत. रंगरंगोटी असतेच, पण तेवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही.

फेसलिफ्टमध्ये कंपनी बदलते काय, तर बंपर, ग्रिल, दिवे, चाकं, स्क्रीन, सीटचं कापड, कधीतरी इंजिन नाहीतर गिअरबॉक्स. दारं, छप्पर, काचांची रेघ, खांब, फ्लोअर यांना सहसा हात लावत नाहीत, कारण पत्रा दाबायचे साचे प्रचंड महाग असतात आणि सांगाड्यात बदल केला की क्रॅश टेस्टपासून सगळं पुन्हा करत बसावं लागतं. खात्री करायची असेल तर गाडीच्या समोर उभं राहू नका, बाजूला उभं राहा आणि जुन्या मॉडेलचा बाजूने काढलेला फोटो मोबाईलवर उघडून शेजारी धरा. दाराचं हँडल, काचेचा खालचा काठ, मागच्या दाराचा तो तिरका कोपरा, सगळं जसंच्या तसं दिसेल.

आता गंमत बघा, ते नवीन ग्रिल तुम्हाला गाडी चालवताना दिसतच नाही, समोरून येणाऱ्याला दिसतं! तुमच्या वाट्याला येतं ते सीट, क्लच, समोरचा खांब, आरसे, एसी आणि खड्ड्यातला धक्का, आणि यातलं बरचसं जुनंच आहे. म्हणून सेल्समन नवीन काय काय आलंय ते दाखवायला लागला की त्याला बोलू द्या, हो हो म्हणा, आणि तुम्ही मात्र जुनं काय राहिलंय ते तपासत बसा.

सुरुवात खांबापासून करा, हे कुणीच करत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून सीट तुमच्या उंचीला लावा आणि यजमानांना पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या कोपऱ्यापासून आठ-दहा पावलांवर आडवं चालायला सांगा. चालता चालता ते काचेच्या कडेच्या खांबामागे पूर्ण गायब होतात का, आणि झाले तर किती वेळ, ते बघा. वळताना रस्ता ओलांडणारा माणूस किंवा सायकलवाला नेमका तिथेच लपतो. छपराच्या मजबुतीसाठी हे खांब गेल्या वीसेक वर्षांत जाड होत गेलेत, त्यामुळे इथे जुना सांगाडा कधी कधी फायद्याचाही पडतो, खांब जरा सडपातळ असतो आणि बाहेरचं जास्त दिसतं. थोडं पुढे-मागे झुकून खांबाआडचं बघायची सवय मात्र कुठल्याही गाडीत लावून घ्याच.

मग सासूबाईंना बसवा. त्यांना सोबत न नेता गाडी फायनल करू नका, हे अगदी हट्टाने सांगतो. गुडघेदुखीच्या माणसाला खाली वाकून बसावं लागतं ती सेडान त्रासाची आणि वर चढावं लागतं ती मोठी एसयूव्हीपण त्रासाची, त्या दोन्हीच्या मधली उंची, म्हणजे मागे वळून टेकलं की थेट सीटवर बसता येईल अशी, ती कामाची. कॉम्पॅक्ट एसयूव्ही इतक्या खपतात त्याचं अर्धं कारण हेच आहे, डोंगर चढायला कोण घेतंय. पण उंबऱ्याची रुंदी बघा, सीटपासून बाहेरच्या कडेपर्यंत पाय किती लांब टाकावा लागतो ते बघा, आणि दार अर्धवट उघडलेलं असताना उतरता येतं का तेही बघा, कारण पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडायला जागा कधीच मिळत नाही.

मुलीसाठी मागे मधल्या जागेचा बेल्ट बघा. जुन्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे जुन्या सांगाड्यावर, तिथे अजून नुसता कमरेचा पट्टा असू शकतो, खांद्यावरून येणारा तीन ठिकाणी अडकणारा नसतो, आणि ब्रोशरमध्ये हे कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. तिथे डोकं टेकवायला हेडरेस्ट आहे का तेही हात लावून बघा.

आता चालवून बघायचं. त्यांच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेऊन आणतील, त्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणू नका. तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, तुमच्याच वेळेला, तुमच्याच ट्रॅफिकमध्ये न्या, नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा. गाणी बंद, एसी फुल. सिग्नलला उभं राहिल्यावर हात स्टिअरिंगवर नुसता ठेवा, थरथर येते का. लहान तीन सिलिंडरच्या इंजिनात एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की थोडी थरथर येतेच, पण ती सीटपर्यंत पोचत असेल तर रोज दोन-दोन तास ती सोबत राहणार. दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी रेटून बघा. टर्बो इंजिनं साधारण पंधराशे आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली झोपलेली असतात आणि वर गेली की एकदम उठतात, हायवेला मजा येते पण बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये मान दुखते. क्लच जड असेल तर पाच मिनिटांत कळत नाही, निदान अर्धा तास चालवा.

मोठ्या अलॉयबद्दल जरा जास्त बोलतो, कारण फेसलिफ्टमध्ये रोजच्या वापराचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि फोटोत नेमकं तेच सगळ्यात छान दिसतं. समजा आधी टायर होता २१५/६५ आर १६. यातला ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे जवळपास १४० मिलिमीटर रबर. आता दिला २१५/५५ आर १८, तर भिंत झाली ११८ मिलिमीटर. बाहेरून चाक जवळपास तेवढंच मोठं, पण खड्ड्याचा मार खाणारं रबर दोन सेंटिमीटरहून जास्त कमी झालं आणि त्याच्या जागी धातू आला. सस्पेन्शन जुनंच, टायर पातळ, मग धक्का कंबरेला. शिवाय कडेला घासलं की रिम खरवडते आणि टायर बदलायची वेळ आली की मोठ्या साइजचं टायर महाग पडतं. त्याच गाडीचं सोळा इंची चाकाचं मधलं व्हेरिएंट मिळत असेल तर तेच चालवून बघा, फरक पहिल्याच गतिरोधकावर कळेल.

आता सुरक्षेचं. इथे दिरांचं म्हणणं सगळ्यात जास्त खरं ठरतं. गाड्या आपटून किती सुरक्षित ते तपासून पाचपैकी तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने फियाट पुंटोला २००५ मध्ये पाच तारे दिले होते, तीच गाडी थोडेफार बदल होत विकत राहिली आणि २०१७ मध्ये परत तपासली तर शून्य तारे. गाडी बिघडली नव्हती, मधल्या बारा वर्षांत परीक्षा कितीतरी कडक झाली. रेनो झोईचं तर याहून विचित्र, २०१३ मध्ये पाच तारे आणि फेसलिफ्टनंतर २०२१ मध्ये शून्य, आणि तिथे नुसती परीक्षाच कडक झाली असं नाही, आधी डोकं आणि छाती दोन्ही वाचवणारी बाजूची एअरबॅग होती ती जाऊन फक्त छातीपुरती आली होती. म्हणजे तोंड नवीन झालं आणि आत एक महत्त्वाची गोष्ट कमी झाली. या दोन्ही एसयूव्ही नाहीत, पण मुद्दा तोच लागू होतो. तारे सांगितले की लगेच विचारा, कुठल्या वर्षीच्या टेस्टचे, कुठल्या व्हेरिएंटचे आणि किती एअरबॅगवाल्या गाडीचे. फेसलिफ्टच्या आधीचे तारे असतील तर ते आजच्या गाडीच्या ताऱ्यांशी शेजारी ठेवून मोजू नका. घसरताना गाडी सावरणारं ईएससी तर असलंच पाहिजे, गाडी उंच असल्यामुळे एसयूव्हीत जास्तच. युरोपात सगळ्या नवीन गाड्यांना ते २०१४ पासून सक्तीचं आहे.

जुन्या मॉडेलची चांगली बाजू पण सांगायला हवी, नाहीतर मी नुसता घाबरवतोय असं वाटेल. सात-आठ वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीचे रोग सगळ्यांना माहिती झालेले असतात, कंपनीने बरेचसे दुरुस्त केलेले असतात, काय रिकॉल झालं ते उघड असतं, आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. ब्रेक पॅड, फिल्टर, सस्पेन्शनचे बुश, वॉटर पंप असलं सामान भरपूर मिळतं. नव्याकोऱ्या मॉडेलचे पहिल्या वर्षीचे ग्राहक हे जरा टेस्टिंगचेच मेंबर असतात. फक्त फेसलिफ्टचे दिवे आणि बंपर आधीच्या गाडीचे सहसा थेट लागत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. एका एलईडी हेडलॅम्पची किंमत काढून ठेवा, ऐकून जरा बसायला लागेल.

माझं मत विचाराल तर सासूबाईंना बसता-उठता येतंय, मधला बेल्ट बरोबर आहे, तुमच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवून पाय-कंबर कुरकुरत नाही आणि क्रॅश टेस्ट फार जुनी नाही, एवढं जुळलं तर मधलं व्हेरिएंट डोळे झाकून घ्या. यातला बेल्ट किंवा एअरबॅग नसेल तर मात्र कितीही डिस्काउंट मिळाला तरी नको. आणि डिस्काउंट मागाच, कारण यानंतर कंपनीची पुढची पायरी बहुतेक पूर्ण नवीन मॉडेलचीच असते आणि ते आलं की तुमची गाडी विकताना लगेच जुनी दिसायला लागते. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर त्याचं काही वाटून घेऊ नका.

प्रश्न: माझ्या आवडीच्या एसयूव्हीत आधी साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक होता. फेसलिफ्टमध्ये तो काढून ड्युअल क्लच दिलाय, जाहिरातीत तर खूप कौतुक चाललंय. रोज ट्रॅफिकमध्येच चालवायची आहे, तर आधीची सेकंडहँड बघू की नवीन घेऊ?

उत्तर: तुझ्या वापराला, खरं सांगू का, आधीचाच गिअरबॉक्स जास्त शोभतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना काही घासत नाही. ड्युअल क्लच म्हणजे आतून दोन क्लच असलेला मॅन्युअलच, फक्त क्लच कॉम्प्युटर दाबतो. मोकळ्या रस्त्याला पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो म्हणून झटकन पडतो, तिथे त्याला तोड नाही. पण रांगत जाताना तो क्लच अर्धवट दाबून धरतो, म्हणजे घासत राहतो आणि तापतो. त्यातही ड्राय क्लच असेल तर थंड व्हायला फक्त हवा, तेल नाही. उन्हाळ्यात लांबलचक जाममध्ये चढावर असे गिअरबॉक्स गरम झाल्याची वॉर्निंग देतात, काही गाड्यांत सुटताना घर्र घर्र थरथर सुरू होते. वेट क्लच, म्हणजे तेलात बुडालेला, असेल तर त्रास बराच कमी. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचार, ड्राय की वेट, आणि सेल्समनला माहीत नसेल तर सर्व्हिसवाल्याला जाऊन विचार, त्याला पक्कं माहीत असतं.

टेस्ट ड्राइव्हला एक कर. थोड्या चढावर गाडी उभी कर, ब्रेक सोड आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता अर्धा फूट पुढे सरकव, परत थांब, परत सरकव. मग त्याच चढावर रिव्हर्स टाकून हळू मागे घे. झटका देते, मागे घरंगळते की शांत सरकते, तिथेच सगळं कळतं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असती तर मी म्हटलं असतं ट्रॅफिकसाठी घे, मऊ असते, फक्त जोरात दाबलं की आवाज आधी आणि वेग मागून येतो. आणि एएमटी, म्हणजे मॅन्युअलच पण क्लच आणि गिअर मशीन टाकतं ते, स्वस्तातलं ऑटोमॅटिक आहे, डाव्या पायाला आराम देतं पण मान डोलावतं, ज्याला चालतं त्याला चालतं.

नवीन ड्युअल क्लचच घेतलीस तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेकवर धरायची, आणि पुढे एक गाडीभर जागा मोकळी झाल्यावर एकदाच सुटायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

सेकंडहँड आधीची बघणार असशील तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय ते बिलावर बघ. "लाइफटाइम ऑइल" असं काहीतरी सांगतील, पण तेल जुनं झालं की गिअर धक्के देत पडायला लागतात, घेतल्या घेतल्या बदलून टाक.

प्रश्न: एका युरोपियन एसयूव्हीचं आधीचं ब्रोशर आणि फेसलिफ्टचं ब्रोशर शेजारी ठेवून बघितलं. इंजिन तेच, ताकद तीच, पण नवीन ब्रोशरमध्ये ॲव्हरेज कमी लिहिलंय! उलटी प्रगती?

उत्तर: बहुतेक गाडी तशीच आहे, मोजायची पट्टी बदलली. आधी तिकडे एनईडीसी नावाची टेस्ट होती, लॅबमध्ये वीसेक मिनिटांत अकरा किलोमीटर, सरासरी वेग ३४ च्या आसपास, अगदी हळुवार पिकअप. २०१७ पासून नवीन मॉडेलना आणि २०१८ पासून सगळ्याच नवीन गाड्यांना डब्ल्यूएलटीपी लागू झाली, ती अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरहून जास्त, वेग १३१ पर्यंत जातो आणि एक्स्ट्रा फीचर्सचं वजनही धरतात. त्यामुळे आकडा पडला, पण खऱ्या रस्त्याच्या जरा जवळ आला. दोन ब्रोशरची तुलना करताना आधी आकड्याखालची बारीक ओळ वाचा.

रोजच्या ट्रॅफिकमध्ये मात्र दोन्ही आकडे विसरा. तिथे गाडीचं वजन आणि सिग्नलला उभं राहून जळणारं पेट्रोल हेच ठरवतं. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलेलं एखाद्या मालकाचं ॲव्हरेज मिळालं तर तेच खरं धरा, गाडीतल्या स्क्रीनवरचंही थोडं गोडच बोलतं.

प्रश्न: फेसलिफ्टच्या आधी एसीला गोल नॉब होते, आता सगळं मोठ्या टचस्क्रीनमध्ये गेलंय. मुलांना आवडलंय. मला मात्र नॉबच बरे वाटतात, मी जुन्या विचारांची झालेय का?

उत्तर: अजिबात नाही, तुम्ही बरोबर आहात आणि त्याला आकडेही आहेत. स्वीडनमधल्या वी बिलएगारे या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ ची जुनी व्होल्वो व्ही ७० घेऊन, ११० च्या वेगाने चालवताना रेडिओ लावणं, एसी-हीटर बदलणं असली चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. जुन्या बटणवाल्या व्होल्वोला दहा सेकंद लागले, तेवढ्यात गाडी तीनशे मीटर पुढे गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या गाडीला जवळपास पंचेचाळीस सेकंद लागले, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर, अर्धं लक्ष स्क्रीनवर ठेवून! युरो एनकॅपनेही २०२६ पासून पूर्ण तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर यांना खरीखुरी बटणं हवीत असं ठरवलं आहे.

तुम्ही एवढंच बघा, काचेवर वाफ धरली तर समोरच्या काचेवर हवा सोडायला किती वेळा बोट लावावं लागतं. एकदा, तर ठीक. तीन मेनू उघडावे लागत असतील तर पावसात वैताग आहे. जुन्या प्लॅटफॉर्मवर नंतर बसवलेल्या स्क्रीनचं अजून एक असतं, कॅमेरा धुरकट आणि स्क्रीन मठ्ठ, रिव्हर्स टाकल्यावर चित्र यायला दोन-तीन सेकंद, तोवर गाडी मागे गेलेलीपण असते. रिव्हर्स पटापट टाकून-काढून हे बघा. रात्रीही बघा, स्क्रीनचा उजेड काचेत परावर्तित होतो का.

आणि लेन असिस्टसारखं, म्हणजे गाडी लेनबाहेर जायला लागली की सावरणारं, काही हवं असेल तर विचारून घ्या, स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे की जुनं हायड्रॉलिक. हायड्रॉलिकला चाक स्वतःहून वळवायला मोटरच नसते, त्यामुळे तिथे सहसा नुसता भोंगा वाजतो, गाडी काही सावरत नाही.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड. रोज पाच-सहा किलोमीटरच्या आत सगळं. एक वापरलेली, फेसलिफ्टनंतरची डिझेल एसयूव्ही फार कमी चाललेली मिळतेय. कमी रनिंग म्हणजे चांगलंच ना?

उत्तर: काका, इथे उलटं आहे. तुमच्या वापराला ही डिझेल घेऊ नका, आणि कमी चालली म्हणून तर दुप्पट सांभाळून.

नवीन डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या रस्त्यात डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी धरून ठेवते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते, त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि ते टिकायला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. पाच किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतही नाही. मग गाडी जाळायला सुरुवात करते, तुम्ही किल्ली काढता, परत सुरुवात, परत बंद. त्यासाठी टाकलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ही गाडी आधीच्या मालकाने अशीच थोडी थोडी चालवली असेल तर ऑइलची डिपस्टिक बाहेर काढा, फडक्याला पुसा, परत घालून बघा. तेल वरच्या खुणेच्याही वर गेलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर नमस्कार करून घरी या. तेल कमी होणं सगळ्यांना माहिती असतं, वाढणं कुणी बघत नाही.

साधं पेट्रोल बघा, टर्बो नसलेलं मिळालं तर उत्तम, हायब्रिड परवडत असेल तर अजून छान. पेट्रोलमध्ये मात्र इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन ते विचारा. फोर्डचं एक लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्यूरटेक यांत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरायचा, त्याचे तुकडे सुटून तेलाची जाळी बंद व्हायच्या तक्रारी खूप आल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत दोघंही चेनकडे वळले. असं इंजिन असेल तर ऑइल वेळेवर आणि बरोबर ग्रेडचं बदलल्याची बिलं पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नका.

कमी चाललेल्या गाडीचं टायरही बघा. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असते म्हणून लोक फसतात, रबर मात्र उभ्या उभ्या कडक झालेलं असतं.

प्रश्न: जुन्या गाडीला फेसलिफ्टचा बंपर आणि दिवे लावून नवीन म्हणून विकतात असं ऐकलं. ओळखायचं कसं?

उत्तर: करतात असं. पुढचं सगळं नवीन आणि मागचे दिवे, डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगवरची बटणं जुन्या पद्धतीची, असं दिसलं की थांबा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, त्याच्या खालच्या टोकाला शिवलेल्या लेबलवर बहुतेक वेळा बनवल्याची तारीख असते, ती गाडीच्या कागदाच्या वर्षाशी जुळते का बघा. सगळे बेल्ट एका काळातले आणि एकच वेगळा, तर अपघातात बदललेला असू शकतो. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकमेकांशी ताडून बघा. बॉनेटचे, फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागला असेल तर रंग उडालेला दिसतो. शेवटी चासिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, ते गाडी कोणत्या वर्षाची, कोणत्या व्हेरिएंटची ते सांगतात, तिथे बंपर बदलून काही चालत नाही.

प्रश्न: फेसलिफ्टमध्ये पॅनोरॅमिक सनरूफ आलंय, घ्यावं का? माझी उंची सहा फूट.

उत्तर: मागच्या सीटवर ताठ बसून बघा. छप्पर जुनंच आहे आणि सनरूफची यंत्रणा त्याच्या आतच बसवलीये, म्हणजे जागा तुमच्या डोक्यावरचीच गेली. केस टेकत असतील तर बिनसनरूफचं व्हेरिएंट घ्या, थोडं हलकंही असतं, आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबून छपरातून गळायचा प्रकारही वाचतो.